फौजेत कोण हवं? आपल्या रस्त्यावरची २०० वर्षं

आम्ही कारेगावच्या महिला बचत गटांकडून बोलत आहोत. दर वेळी आपण ह्या कार्यक्रमात दुधाचा हिशोब, शेळीपालन, बँकेचं कर्ज ह्यावर बोलतो. आज आम्ही फौजेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बायकांच्या गटाला फौजेचं काय? पण हा विषय आमच्याकडे बाहेरून आला नाही. तो आमच्या मासिक बैठकीतच निघाला, आणि तोही कर्जाच्या अर्जावरून.

झालं असं. बैठक संपवून आम्ही पुणे-नगर रोडच्या कडेला उभ्या होतो. समोरून लांबलचक ट्रेलर गेले, वर ताडपत्रीखाली रणगाडे. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "लढाई तर कुठं चालू नाही. मग एवढं लोखंड कशाला पाळायचं?" त्याच बैठकीत एका ताईनं घराच्या स्लॅबसाठी दीड लाखाचं कर्ज मागितलं होतं. फेड ६० हप्त्यांत करणार, भरवसा मुलाच्या पगारावर. मुलगा अग्निवीर. गटातल्या सचिवांनी एवढंच विचारलं, "त्याच्या नोकरीचे किती महिने राहिले?" ३४ राहिले होते. ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोराला काढूनच टाकणार, असं तुम्ही आधीच धरलं का?"

मावशींचा प्रश्न लोखंडाचा होता, ताईंचा माणसाचा. विचार करत गेलो तेव्हा लक्षात आलं की दोन्ही प्रश्न एकच आहेत. लढाई नसताना फौजेनं काय सांभाळायचं, कुणाला सांभाळायचं आणि कुणाला घरी पाठवायचं? ह्या प्रश्नाचा इतिहास शोधायला लांब जावं लागत नाही. तो आपल्याच रस्त्यावर आहे.

शिरूरहून निघालेली पलटण

आपल्या शिरूरला, म्हणजे घोडनदीला, तेव्हा इंग्रजांच्या कंपनीची छावणी होती. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी आणि येरवड्याच्या लढाया झाल्या आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या हातून पुणं गेलं. डिसेंबरच्या अखेरीस पेशव्यांची मोठी फौज पुन्हा पुण्याच्या दिशेनं येत असल्याची बातमी आली. पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं शिरूरकडे मदत मागितली. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्या चालवणारे २४ गोरे गोलंदाज. रात्रभरात साधारण ४० किलोमीटर चालून ही माणसं सकाळी कोरेगाव भीमाला पोचली. आपल्याच पट्ट्यातून, पुसाच्या थंडीत गेली असणार.

तिथं नदीपलीकडे पेशव्यांची फौज दिसली. तिचा आकडा साधारण २८,००० सांगतात. त्यातले सुमारे २,००० जण प्रत्यक्ष लढाईत उतरले, त्यात अरबांचं पायदळ होतं. कंपनीची पलटण गावात शिरली आणि गावाच्या भिंतीआडून दिवसभर लढली. एक तोफ हातची गेली, ती झटापट करून परत घेतली. रात्रभर चाललेली माणसं, पोटात अन्न नाही. नदी डोळ्यांसमोर, पण पाण्यापर्यंत जाता येईना. पाणी मिळालं ते रात्र पडल्यावर. डोक्यावर हंडा घेऊन उन्हातून चाललेल्या बाईला ह्या एका गोष्टीवरून त्या दिवसाची कल्पना येईल.

दुसऱ्या दिवशी पेशव्यांची फौज तिथून निघून गेली, आणि स्टॉन्टनही पुण्याला न जाता शिरूरला परतला. लढाई कुणी जिंकली, ह्यावर आजही वाद होतात. ते वाद आज आपला विषय नाहीत. आपल्याला पाहायची आहेत ती तिथली माणसं. सुमारे ८०० पैकी २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, म्हणजे तिसरा हिस्सा. पुढे १८२१ मध्ये कंपनीनं तिथं दगडी स्तंभाचा पाया घातला. त्यावर मेलेल्या शिपायांची ४९ नावं आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' येतं. ती महार शिपायांची नावं. ज्या काळात गावात त्यांची सावली चालत नव्हती, त्या काळात फौजेच्या रांगेत ती माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. बाकीच्या नावांत इतर जातिधर्मांची माणसं आहेत.

सावली शांततेची

कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती पुढेही चालू राहिली. नोकरी म्हणजे पगार, पेन्शन आणि आणखी एक गोष्ट: शाळा. फौजेत शिपायांच्या मुलांसाठी लष्करी शाळा असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवत, त्यांच्या घरात छावणीमुळे पाटी-पेन्सिल आली. एका माणसाची नोकरी घरातल्या पुढच्या पिढीला कुठं नेऊन पोचवते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि मग हीच नोकरी गेली. लढाईत हरले म्हणून गेली नाही. शांततेत, कागदावर गेली. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची नव्यानं मांडणी केली. हिंदुस्थानचा सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ह्याच्या काळात एक समजूत पक्की झाली की ठरावीक जातीच लढवय्या असतात: पंजाबी, पठाण, गुरखा वगैरे. रशिया वायव्येकडून येईल ही भीती होती, म्हणून लक्ष सगळं तिकडं. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली, त्यांच्याच नातवंडांना सांगितलं की तुम्ही लढणाऱ्यांतले नाही.

इथं एक शब्द समजून घेऊ, कारण बातम्यांत तो वारंवार येतो: युद्धनीती. आपला शत्रू कोण, त्याच्याशी कशानं लढायचं, किती माणसं लागतील, ती कुठून आणायची, हे लढाई नसताना ठरवून ठेवायचं, त्याला युद्धनीती म्हणतात. पेरणीचं बी आपण पाऊस पडल्यावर शोधत नाही, आधी राखून ठेवतो. तसंच हे. पण राखताना चांगलं बी नुसत्या समजुतीपायी बाहेर फेकलं, तर वेळेला हात कपाळाला लावायची पाळी येते.

भरती बंद झाल्यावर लोक गप्प बसले नाहीत. महाडजवळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी सरकारसाठी अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे ह्यांनी सासवडला सभा घेतली, सह्या गोळा केल्या आणि १९१० मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. मागणी साधी होती: आमच्या माणसांनी पूर्वी चाकरी बजावली आहे, आम्हाला पुन्हा फौजेत आणि पोलिसात घ्या. तहसीलला तीन-तीनदा अर्ज देणाऱ्या बायकांना हे नवीन वाटणार नाही. अर्ज पडून राहिले.

जातं आकाशातून पडलं

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्यातली एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखली जाते. इंग्रजांच्या फौजेत एक डिव्हिजन होती, सहावी पूना डिव्हिजन. तिला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, धाडलं. तिच्यात मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. ही फौज टायग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादच्या जवळ गेली. तिथं तुर्कांनी रोखलं. मागं फिरून ती कूत नावाच्या गावात आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला वेढलं.

त्या फौजेकडे शूर माणसं कमी नव्हती. कमी होत्या त्या होड्या. त्या मुलखात रेल्वे नाही, धड रस्ते नाहीत. धान्य, औषधं, जखमी, सगळं नदीतून न्यायचं. शांततेच्या काळात ही फौज सरहद्दीवरच्या छोट्या चकमकींच्या हिशोबानं बेतलेली होती. एवढ्या लांबच्या लढाईसाठी नदीतल्या बोटी, दवाखाने, डॉक्टर ह्यांची तजवीज नव्हती. कूतच्या वेढ्यात शिधा दर आठवड्याला घटत गेला. शेवटी घोडे कापायची वेळ आली. आपल्याकडच्या कित्येक शिपायांनी धर्मापायी ते मांस आधी नाकारलं आणि अशक्त होऊन पडले. बाहेरून विमानांनी पिठाची पोती टाकली. इतकंच नाही, तर गावात धान्य होतं ते दळायला जातं नव्हतं, म्हणून जात्याचे दगड छत्रीला बांधून विमानातून खाली सोडले. मैत्रिणींनो, लढाईच्या पुस्तकात तोफा-बंदुका खूप असतात. पण १३,००० माणसांची फौज जात्यावाचून अडते, हे आपण बायकांनी लक्षात ठेवावं.

२९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. पुढे वाळवंटातून पायी नेताना आणि कैदेत हजारो मेले. १९१७ मध्ये चौकशी समितीनं बोटींची आणि दवाखान्यांची कमतरता, वरच्यांचा गलथानपणा, सगळं कागदावर आणलं. पण तोवर कित्येक घरांची भाकरी मिळवणारा माणूस परत येणार नाही, हे ठरून गेलं होतं. मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. लोखंड शांततेत पाळावं लागतं, कारण ते लढाईच्या दिवशी उगवत नाही. आणि नुसतं लोखंड पुरत नाही, मागची होडी आणि जातंही लागतं.

आता माणसांचं पाहू. लढाई लांबली आणि माणसं कमी पडू लागली. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं गेली. मग 'लढवय्या जाती' ही समजूत गुंडाळून ठेवावी लागली. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षं ज्यांचे अर्ज धूळ खात होते, त्यांना बोलावून घेतलं. आणि १९१८ ला युद्ध थांबलं, खर्च कमी करायची वेळ आली, तेव्हा १९२१ मध्ये ती पलटण मोडली. उभी केली आणि चार वर्षांत घरी पाठवली.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले. आज दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं तिथं येतात. आपल्या रोडवर तेव्हा गाड्यांना जागा नसते, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण त्या स्तंभापाशी उभं राहिलेल्या माणसाच्या मनात हा सगळा हिशोब असतो: रक्त घेतलं, मग नोकरी काढून घेतली.

दुसऱ्यांदा तेच, पण थोडं वेगळं

१९३९ ला दुसरं महायुद्ध लागलं. हिंदी फौज दोन लाखांच्या आसपास होती, ती १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेली. पुन्हा हाक आली. पण ह्या वेळी हाक ऐकणारा माणूस आत बसलेला होता. १९४१ मध्ये बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्यांनी ही मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. युद्ध संपलं तेव्हा १९२१ सारखं ती मोडली नाही. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं. आजही तिच्या बिल्ल्यावर दोन आडव्या-तिडव्या मशीनगन आहेत. स्वातंत्र्यानंतर फौजेची भरती सगळ्या जातीधर्मांना खुली झाली. ह्याच रेजिमेंटमध्ये अधिकारी झालेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले.

त्याच युद्धात आणखी एक दार उघडलं होतं, ते बायकांचं. १९४२ मध्ये 'विमेन्स ऑक्झिलरी कोर' नावाचं दल निघालं. हजारो हिंदी आणि युरोपियन बायका टेलिफोन, बिनतारी संदेश, कारकुनी, गाड्या चालवणं अशी कामं करू लागल्या, म्हणजे पुरुष मोकळे होऊन आघाडीवर जातील. युद्ध संपलं आणि १९४७ पर्यंत ते दलही मोडलं. परिचारिका आणि डॉक्टर बायका तेवढ्या राहिल्या. बाकीच्यांना सांगितलं, काम झालं, आता घरी. १११ महार पलटणीचं जे झालं तेच.

पुढचं दार उघडायला १९९२ साल उजाडलं. तेव्हापासून बायका डॉक्टर-नर्सच्या पलीकडं अधिकारी म्हणून जाऊ लागल्या, पण ठरावीक वर्षांपुरत्या. त्यांना निवृत्तीपर्यंतची कायम नोकरी मिळावी म्हणून त्या कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. लष्करी पोलिसांत शिपाई म्हणून मुली जाऊ लागल्या. त्यांची ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत मुली २०२२ पासून शिकतात. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये पास होऊन निघाल्या. त्याच महिन्यात टीव्हीवर कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग देशाला लढाईची माहिती देत होत्या, ते तुम्ही पाहिलंच असेल. पायदळ आणि रणगाड्यांत मात्र बायकांना अजून जागा नाही.

ह्यात एक फरक बघा. १९४२ चं दार युद्धाच्या गरजेनं उघडलं होतं, म्हणून गरज संपताच बंद झालं. २०२० चं दार शांततेत, कायद्यानं उघडलं. त्यामुळे ते बंद करायचं म्हटलं तर कायद्यापुढं उत्तर द्यावं लागेल. अडचणीच्या वेळी मिळालेली जागा आणि हक्कानं मिळालेली जागा ह्यांत हा फरक असतो. आपल्या घरातही असतो.

घोड्याचा रणगाडा झाला

आता पुन्हा त्या ट्रेलरकडे येऊ. ते नगरकडचे. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९४८ पासून रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं केंद्रही तिथंच आहे. त्या पायदळाची रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली, तिच्यामागं ज्यांचा विचार होता ते हेच सुंदरजी.

१८१७ च्या अखेरीस शिरूरहून जे घोडेस्वार निघाले, ते नुकतेच उभे केलेले होते. त्यांचा खर्च १८१७ च्या पुण्याच्या तहानं पेशव्यांच्याच माथी मारला होता. त्यातूनच पूना हॉर्स ही रेजिमेंट झाली. घोडे गेले, रणगाडे आले, नाव तेच राहिलं. १९६५ च्या युद्धात ह्या रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर ह्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये अरुण खेत्रपाल ह्यांना मिळालं. हा मुलगा पुण्यात जन्मला, खडकवासल्याला शिकला, जून १९७१ मध्ये अधिकारी झाला. नगरला रणगाड्याचा कोर्स चालू असतानाच युद्धाची चिन्हं दिसली आणि तो आपल्या रेजिमेंटकडे गेला. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, जळत्या रणगाड्यातून बाहेर न पडता, तो लढत राहिला आणि गेला. वय २१. भारतानं ते युद्ध त्याच दिवशी जिंकलं.

पूर्वी एका रणगाड्यात चार माणसं लागत. टी-७२ मध्ये तीन पुरतात, कारण तोफेत गोळा यंत्र भरतं. आता तर ड्रोन आहेत. माणूस लांब बसून पडद्यावर बघतो. मग प्रश्न येतो: यंत्र माणसाचं काम करू लागलं, तर माणसं किती ठेवायची? कारखान्यात हाच प्रश्न येतो, आपल्या एमआयडीसीत आपण तो रोज बघतो.

आता सरकारची वही उघडू. २०२५-२६ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यात नवी शस्त्रं, विमानं, जहाजं ह्यांसाठी सुमारे १ लाख ८० हजार कोटी, आणि निवृत्तांच्या पेन्शनसाठी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी. म्हणजे १०० रुपयांत २६ रुपये नव्या सामानाला, २४ रुपये पेन्शनला. गटाच्या वहीत नवं भांडवल आणि जुनं देणं असं जवळजवळ सारखं दिसलं, तर आपणही विचारात पडू. सरकार विचारात पडलं आणि १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली.

३४ महिन्यांचा हिशोब

योजना आपल्या भाषेत अशी आहे. योजना जाहीर झाली तेव्हा ठरलं ते साडेसतरा ते २१ वर्षांच्या मुला-मुलींना चार वर्षांसाठी घ्यायचं. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० पासून चौथ्या वर्षी ४०,००० पर्यंत. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हातात येतात, त्यावर आयकर नाही. नोकरीत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढं कायम ठेवतात. उरलेल्यांना पेन्शन नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखीव ठेवायचं सरकारनं २०२२ मध्ये सांगितलं होतं. फौज तरुण राहील, पैसा यंत्रांना मिळेल, असं योजनेच्या बाजूनं सांगतात. सैनिक चार वर्षांत पुरता तयार होतो का, आणि परत आलेल्या २३-२४ वर्षांच्या पोरांचं पुढं काय, असं विरोधात विचारतात. दोन्ही बाजूंना मोठमोठे निवृत्त अधिकारी आहेत.

आम्ही त्यात निकाल द्यायला बसलो नाही. पण ज्या आया इथं ऐकत आहेत त्यांनी कोरेगाव ते १९२१ हा इतिहास डोळ्यांपुढं ठेवून तीन गोष्टी बघाव्यात. एक, पोरगा रोडवर पहाटे पळतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची बारावी किंवा आयटीआयही पुढं गेली पाहिजे. करोनाच्या काळात दोन वर्षं भरती झालीच नाही. कित्येक मुलांचं वय तेवढ्यात निघून गेलं आणि हातात दुसरं काही नव्हतं. दोन, भरती झाली तर विम्याचे आणि सेवा निधीचे कागद, वारसाचं नाव, सगळं घरी एका पिशवीत असावं आणि ते आईला किंवा बायकोला वाचून माहीत असावं. घरात सैनिक किंवा माजी सैनिक असेल, तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ताही बाईला माहीत पाहिजे. तीन, तो सेवा निधी हातात आला की लग्नात किंवा गाडीत जाऊ देऊ नका. ते त्याचं पेन्शन आहे, एकदाच मिळणारं.

आता कर्जाच्या अर्जाचं सांगतो. ताई रुसून दोन बैठकांना आल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीला आल्या तेव्हा आम्ही त्यांना हा सगळा इतिहास सांगितला, आत्ता तुम्हाला सांगितला तसाच. १११ महार पलटणीपाशी त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "म्हणजे ती पोरं पण चार वर्षांत परत आली. त्यांच्या आयांना कुणी आधी सांगितलं होतं का?" आम्ही म्हणालो, नसेल सांगितलं. मग त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "दीड लाख नको. ९० हजार द्या, ३० हप्त्यांत फेडते. महिन्याला मुद्दल तीन हजार. पोरगं घरी यायच्या आत कर्ज उतरलेलं पाहिजे." स्लॅब पुढच्या वर्षावर गेला, ह्या वर्षी भिंती आणि संडास. मुलगा पंचवीस टक्क्यांत बसला तर उत्तमच. नाही बसला तर तो येईल तेव्हा घरावर बोजा नसेल आणि त्याचे पैसे त्याच्या शिक्षणाला किंवा धंद्याला राहतील.

मंजुरीचा ठराव वहीत लिहिताना मावशी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते लोखंड शेडमध्ये ठेवतात, तेलपाणी करतात, जपतात. माणसाचं तेलपाणी कोण करणार?" ठरावाखाली आमच्या बारा जणींच्या सह्या आहेत. ताईंची सही शेवटची. त्यांच्या अग्निवीर मुलाला त्यांनी फोनवर सांगितलंय, सुट्टीत येशील तेव्हा आयटीआयचा फॉर्म भरायचा. तो हो म्हणाला आहे.